हप्ता तेवढाच!

माझ्या गृहकर्जाचा दर फ्लोटिंग आहे. सही करताना हा शब्द कानाला फार गोड लागला होता. पाण्यावर पाठ टेकून आभाळ बघत पडावं, तसं काहीतरी. तरंगणार कोण आणि गटांगळ्या खाणार कोण, हे करारात बारीक अक्षरांत होतं.

हिशेब साधा. मध्यवर्ती बँकेच्या धोरणाबरोबर हलणारा एक बेंचमार्क दर, त्यावर आमच्या बँकेचं ठरलेलं मार्जिन. बेंचमार्क हलला की माझा दरही हलणार, पण वर्षातून एकदाच, ठरल्या तारखेला. बँकेच्या भाषेत हा 'रिसेट'. सुरुवातीला दर होता ७ टक्के, मुदत २० वर्षं. मी तेव्हा ४२ वर्षांचा. म्हणजे बासष्टाव्या वर्षी मोकळा.

मग महागाई भडकली आणि तिला विझवायला जगभरच्या मध्यवर्ती बँका दर वाढवत सुटल्या. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं तर मार्च २०२२मध्ये शून्याला टेकलेला दर जुलै २०२३पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेऊन ठेवला. टीव्हीवर कुणी सुटातले गृहस्थ सुतकी चेहऱ्यानं "पन्नास बेसिस पॉइंट" म्हणायचे आणि मी चॅनेल बदलायचो. बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग. एवढ्याशा किड्याला कोण घाबरतं?

रिसेटच्या महिन्यात धडधडत्या छातीनं खातं बघितलं. हप्ता तेवढाच! बायकोला म्हटलं, "बघ, बँकेत अजून माणुसकी आहे." ती कागद उलटून वाचणाऱ्यांपैकी. म्हणाली, "अहो, मागे 'उर्वरित हप्ते ३८७' लिहिलंय. आपले २२८ राहिले होते ना?"

वर्षभर घाम गाळून १२ हप्ते फेडले होते. त्या बदल्यात १५९ वाढले होते.

रात्री मुलगी कॅल्क्युलेटर घेऊन बसली. दर ७ वरून ९ झाला होता. आधी हप्त्यातल्या शंभरापैकी ७३ व्याजाला जायचे, २७ मुद्दलाला. आता ९४ व्याजाला आणि मुद्दलाला सहा. सहा! एवढ्यानं मुद्दलाला खरचटतसुद्धा नाही. मी आता पंच्याहत्तरी ओलांडून कर्जमुक्त होणार होतो. माझ्या दीर्घायुष्यावर इतका विश्वास आमच्या डॉक्टरांनीही कधी दाखवलेला नाही.

"बाबा, दहा टक्के टाकून बघू?" पोरीला उत्साह फार. बघितलं. नुसतं व्याजच हप्त्यापेक्षा मोठं निघालं. म्हणजे उरलेलं व्याज मुद्दलावर चढणार आणि कर्ज फेडता फेडता वाढत जाणार. मी कॅल्क्युलेटर काढून घेतला.

सकाळी बँकेत फोन लावला. "सर, तुम्हाला त्रास नको म्हणून हप्ता तोच ठेवला," पलीकडचा मुलगा अत्यंत प्रेमळपणे म्हणाला. मुदत पूर्वीचीच हवी असेल तर हप्ता पंधरा टक्क्यांहून जास्त वाढवावा लागेल, हेही त्यानं तितक्याच प्रेमानं सांगितलं. आमची झेप दहा टक्क्यांपर्यंत गेली. तेवढ्यानंही ३८७चे २६२ झाले, आणि बायकोनं माझ्याकडे 'हे आधी का नाही सुचलं' अशा नजरेनं पाहिलं. (तिलाही सुचलं नव्हतं. पण हे लेखातच म्हणता येतं.)

यथावकाश बेंचमार्क पाव टक्का उतरला. मी बातमी संपायच्या आत फोन लावला. "अभिनंदन सर! तुमचा रिसेट अकरा महिन्यांनी आहे."

"तोवर ते परत वाढवणार नाहीत ना?" बायकोनं विचारलं.

तेव्हापासून मी चॅनेल बदलत नाही. सुटातल्या गृहस्थांच्या भुवया कळायला लागल्यात. काल बोलता बोलता ते थांबले, चष्मा काढला आणि घोटभर पाणी प्यायले. मी मुलीला हाक मारली, "कॅल्क्युलेटर आण गं."