माजी सैनिकांकडून तलाव स्वच्छ करून घेण्याविषयी काही सूचना

ठाणे हे तलावांचे शहर असल्याने आपण ज्या प्रभागाचे पदाधिकारी आहात, तेथेही एखादा तलाव शिल्लक असेलच. त्याच्या स्वच्छतेत माजी सैनिकांना सहभागी करून घेण्याचा आपला संकल्प स्तुत्य आहे. फक्त तो सहभाग बेताचा राहील, एवढी दक्षता घ्यावी.

मुहूर्त म्हणून २६ जुलै उत्तम. कारगिल विजय दिनामुळे भाषणांना विषय मिळतो, आणि भर पावसात तलाव काठोकाठ भरलेला असल्याने तळाचा गाळ कोणाच्या दृष्टीस पडत नाही. याच तारखेला २००५ साली सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई-ठाण्यातल्या नाल्यांचे पाणी घराघरांत शिरले, ही आठवण मात्र व्यासपीठावरून कोणी काढणार नाही, हे पाहावे.

निमंत्रितांची निवड हा नाजूक भाग आहे. पुष्कळसे जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतात, म्हणजे त्यांच्या अंगात आणखी वीसेक वर्षांचे काम शिल्लक असते. असा माणूस आपल्या उपयोगाचा नाही. शक्यतो वयोवृद्धांना बोलवावे आणि पदके लावून येण्याचा आग्रह धरावा, कारण पदके लावलेला मनुष्य सहसा चिखलात उतरत नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, निवृत्त झालेला सुभेदार तर टाळावाच. पूल उभारण्यात, पाण्याची सोय करण्यात आणि सुरुंग हुडकण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, तो निर्माल्य वेचत बसत नाही. तो काठाकाठाने चालत जातो, झुडपांआडच्या नळापाशी थांबतो आणि सर्वांसमक्ष विचारतो, "साहेब, हे सांडपाणी कुठल्या इमारतीचं?" ती इमारत बहुधा व्यासपीठावरील एखाद्या मान्यवरांनीच बांधलेली असते. (तिच्याच फाटकावर हे सुभेदार सुरक्षारक्षक म्हणून बसत असतील, तर त्यांना उत्तर आधीपासूनच ठाऊक असते, हा भाग निराळा.)

कोणी अभ्यासू पत्रकार गंगेचा दाखला देईल. गंगेच्या कामासाठी प्रादेशिक सेनेत माजी सैनिकांचे स्वतंत्र दल आहे, त्याचे मुख्यालय प्रयागराजला आहे, ते काठाने गस्त घालते आणि पाण्याच्या दर्जावर लक्ष ठेवते, असे तो सांगेल. चुनखडीच्या खाणींनी उघडेबोडके केलेले मसुरीचे डोंगर १९८२ साली उभ्या राहिलेल्या १२७ क्रमांकाच्या पर्यावरण बटालियनने हिरवे केले, हेही तो ऐकवेल. अशा वेळी डगमगू नये. तेथे माजी सैनिक गणवेशात, पगारावर आणि हुकमाने वर्षानुवर्षे राबतात; आपल्याकडे त्यांच्याविषयी आदर असल्याने त्यांना इतका त्रास दिला जात नाही. सकाळी साडेसातला राष्ट्रगीत, मग हातमोजे, आपल्या छायाचित्राची टोपी, जलपर्णीचा एकेक झुबका उचलतानाची छायाचित्रे, उपमा, शाल-श्रीफळ आणि नऊच्या आत समारोप, एवढाच कार्यक्रम ठेवावा. काढलेली जलपर्णी काठावरच रचून ठेवावी. पहिल्या जोराच्या सरीबरोबर ती पुन्हा पाण्यात उतरते आणि पुढील वर्षीच्या मोहिमेची चिंता उरत नाही.

इतके करूनही एखादे सुभेदार तलावात सुटणाऱ्या सर्व नळांचा हाती काढलेला नकाशा घेऊन आपल्या कार्यालयात आलेच, तर उठून उभे राहावे, चहा मागवावा आणि नकाशा आवक नोंदवहीत चढवावा. मग त्यांना शांतपणे समजावून सांगावे की, तलाव महापालिकेकडे असला, तरी पाण्याचा दर्जा प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते, आणि तलावाचे पाणी नाल्यावाटे ज्या खाडीला मिळते, तेथील तिवरे वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे येतात. शिवाय त्याच खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य असून २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेला असल्याने विषय आंतरराष्ट्रीय झाला आहे. तेव्हा प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज, तीन प्रतींत, नकाशासह. सुभेदार शिस्तीचे असल्याने ते खरोखरच तसे अर्ज करतील, आणि उत्तरांची वाट पाहण्यात ते गुंतलेले असताना आपल्याला ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनासाठी त्यांच्याच सत्काराची तयारी निवांतपणे करता येईल.