टाळ्या वाजवणारे, न वाजवणारे

नमस्कार. फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला मिळणाऱ्या दादेवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला.

रेआल माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्योला मिळालेल्या टाळ्यांना मी ‘खिलाडूवृत्ती’ म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की ती दाद नव्हतीच, रेआल माद्रिदच्या लोकांनी आपल्याच संघाच्या थोबाडीत मारली होती. शिवाय, वैऱ्यासाठी टाळी वाजवणारा चाहता मुळातच कच्चा.

पहिला मुद्दा बराचसा मान्य. १९ नोव्हेंबर २००५ ला बार्सिलोना ३-० जिंकली, तेव्हा माद्रिदचे चाहते आधीपासूनच धुमसत होते. पंधरवड्यात प्रशिक्षक लुशेम्बुर्गो गेले, फेब्रुवारीत अध्यक्ष पेरेझही पायउतार झाले. पण नुसता संताप दाखवायचा तर तिथे पांढरे रुमाल हलवायची जुनी पद्धत आहे, शिट्ट्या आहेत. टाळ्या कशाला? रोनाल्डिन्योच्या दोन्ही गोलांच्या वेळी डावीकडून तोच माणूस आला, दोन्ही वेळा माद्रिदचा एकोणीस वर्षांचा बचावपटू सर्जिओ रामोस मागे राहिला, दोन्ही वेळा गोलरक्षक कासियास हरला. त्याच्या दुसऱ्या गोलनंतर हात आपोआप जुळले असणार. म्हणून ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द मागे घेतो. ‘नाइलाज’ म्हणू या. ढोंग मात्र म्हणणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर तुमचं-माझं जमणार नाही. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी हे फुटबॉलचे सामने बघत वाढलेल्याला वैर म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. तिथेच, नव्वद मिनिटं समोरच्या फॉरवर्डचा उद्धार करून झाल्यावर जिना उतरताना माझे काका पुटपुटायचे, “पोरगं भारी हाय, पर चुकीच्या पेठंत जन्मलंय.” ते कच्चे चाहते होते असं त्यांच्यासमोर म्हणायची हिंमत कुणाची नव्हती.

ही दाद कंजूष असते, हे मात्र खरं. मे २०१५ मध्ये चेल्सीच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावर लिव्हरपूलच्या जेरार्डला बदली करून बाहेर काढलं तेव्हा चेल्सीचे चाहते उभे राहिले. सामनाभर त्याला शिव्या घालणारे तेच. जेरार्डनेही नंतर साधारण हेच सुनावलं: दोन सेकंदांचा मान दिला, बाकी वेळ सोलून काढलं, त्यामुळे मी काही त्यांना शुभेच्छा द्यायला जाणार नाही. मला हा प्रसंग रोनाल्डिन्योच्या रात्रीपेक्षा जास्त आवडतो, कारण इथे दोन्हीकडून काहीच लपवलेलं नाही.

आणि या मानाचा हिशेब गुणवत्तेवर चालत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये बार्सिलोनाने माद्रिदला घरात ०-४ हरवलं, तरी बार्सिलोनाच्या इनिएस्ताला बर्नाबेऊने टाळ्या दिल्या. दिल्या कारण २०१० च्या विश्वचषक अंतिम सामन्यात स्पेनसाठी ११६ व्या मिनिटाचा गोल त्याचा; तो थोडा त्यांचाही होता. फिगोचं उलट. त्याचं कसब बार्सिलोनाच्या काम्प नोऊ मैदानाइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तो २००० मध्ये बार्सिलोना सोडून थेट माद्रिदला गेला, आणि २००२ मध्ये तिथेच कॉर्नर घ्यायला उभा राहिला तेव्हा वरून डुकराचं मुंडकं आलं. घर सोडून गेलेल्याला टाळी नाही. ज्याने वर्षानुवर्षं आपल्याच मैदानावर छळलं, त्यालाही नाही.

यावरून तुमचा शेवटचा, खोचक प्रश्न: “तुम्ही स्वतः माद्रिदवाले ना? मेस्सीसाठी कधी वाजवलीत टाळी?”

नाही. २३ एप्रिल २०१७, बर्नाबेऊवर माद्रिद विरुद्ध बार्सिलोना. आमच्या मार्सेलोचं कोपर लागून मेस्सीचं तोंड रक्ताळलेलं. आम्ही दहाजण उरलो असूनही २-२ केलेलं. मग ९२ व्या मिनिटाला बार्सिलोनाचा सर्जी रोबेर्तो आपल्या अर्ध्यातून धावत सुटला, आल्बाने चेंडू मागे दिला, आणि मेस्सीने थांबवण्याचीही तसदी न घेता डाव्या पायाने तो कोपऱ्यात ठेवला. बार्सिलोनासाठी त्याचा पाचशेवा गोल. त्याने शर्ट काढून आमच्या प्रेक्षकांसमोर धरला, तोवर मी टीव्ही बंद केला होता. कोल्हापुरात रात्रीचे दोन वाजून गेले होते.

सकाळी चहा होईपर्यंत तो गोल मोबाइलवर तीनदा पाहिला. आवाज बंद ठेवून, कारण बायको बार्सिलोनाची आहे आणि ती शेजारच्या खोलीत होती.