हाकेला ओ

मालवणात पावसाळ्यात लाईट गेली तर कुणाला नवल वाटत नाही. नवल माझ्या प्रोग्रॅमचं. राउटर इन्व्हर्टरवर जागा, पण वरची इंटरनेटची लाइन मरून वीस मिनिटं झालेली. तरी प्रोग्रॅम छातीठोकपणे सांगत होता : जोडलेला? हो.

मी आयआरसीचे बॉट, म्हणजे आपोआप बोलणारे प्रोग्रॅम, लिहायला लायब्ररी (तयार कोडचा संच) करतोय. आयआरसी ही 1988 साली फिनलंडात यार्को ओइकारिनेन यांनी काढलेली गप्पांची सोय. माझा 'भरती' नावाचा बॉट तिथे दोस्तांना भरतीची वेळ सांगतो. रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकवायची, एवढंच गणित. डोकं गेलं ते 'जोडणी म्हणजे काय' यात.

मला वाटलं, हो किंवा नाही, संपलं. पण सॉकेट, म्हणजे सर्व्हरकडे जाणारी वाट, उघडला म्हणजे पाहुणा नुसता खळ्यात आला. टोपणनाव सांगून पडवीत बसायचं. सर्व्हरचा स्वागताचा 001 आला की माजघर. आमचा भरती खळ्यातूनच थेट चॅनलमध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, घुसायचा आणि 451 खाऊन परत यायचा : आधी नोंदणी कर!

बरं, माजघरात गेलेला अजून तिथेच आहे हे कशावरून? तार गप्प असली की सॉकेटला जिवंत-मेलेलं सारखंच. आजीला हे सांगितलं तर ती तांदूळ निवडताना म्हणाली, "हाक मारून बघ मेल्या. ओ नाय इली तर समजाचा, गेलो." पिंग (हाक) आणि पाँग (ओ) यांचं याहून सोपं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

हाक घातली, तर नवीन भानगड. तुटल्याचं सर्व्हरलाही उशिराच कळतं. नवा भरती दारात, जुना अजून आत. उत्तर 433, नाव वापरात आहे. अशा मागे राहिलेल्याला आयआरसीवाले भूतच म्हणतात. कोकणी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पण गाऱ्हाणं घालायचं सोडून मी नावाला अंडरस्कोरची शेपटी लावली. रात्रीपर्यंत तो 'भरती____' झाला. पुण्याचा मित्र विचारतो, "समुद्र चढतोय काय रे?"

चूक मुळातच होती. मालवण-कणकवली गाडी वाटेत कट्टा गावात बंद पडली तर दुसरी गाडी येते. फेरी तीच, पाटी तीच, बोंबलणारे प्रवासीही तेच. मी गाडीलाच फेरी समजलो होतो. सॉकेट मेला की त्याच्याबरोबर टोपणनाव, चॅनलांची यादी, राहिलेले निरोप, सगळं सती जायचं. आता ते सगळं जोडणीकडे, म्हणजे फेरीकडे, ठेवलंय, आणि सॉकेट हवे तितके मरोत. दोन, चार, आठ सेकंद थांबत नवा मागवायचा.

हे लिहीपर्यंत आजीच्या जेवायच्या तीन हाका होऊन गेल्या. चौथी आली नाही. मासेमारी बंदीच्या दिवसांत मोजून मिळणारा सुका बांगडा, माझ्या वाटणीचा, मांजर माजघरात बसून खात होतं. त्याची नोंदणी झालेली होती.