‘त्याने गप्पी पाळाव्यात’: एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

निनावी साहेब (की बाई? नाव टाकलं असतंत तर कळलं असतं), नमस्कार.

दवाखान्यातून आणलेल्या खाऱ्या पाण्याच्या जुन्या फिश टँकवर मी लिहिलं त्यात तुम्ही चार मुद्दे काढलेत, आणि शेवटचा असा की ‘ज्याला पेशन्स नाही त्याने गप्पी पाळाव्यात’. आधी एक चूक मान्य करून टाकतो, नायट्रेटच्या जागी नायट्राइट टाइप झालं होतं. दुरुस्त केलंय, आभारी आहे.

आता गप्पी, म्हणजे ते गोड्या पाण्यातले छोटे मासे. अहो मी आठवीत असल्यापासून गप्पी पाळतोय, डोंबिवलीच्या चाळीत, गॅलरीतल्या लोणच्याच्या बरणीत. त्यात एवढं हिणवण्यासारखं काय आहे? डासांच्या अळ्या खायला त्यांना गटारात सोडतात, तिथेही जगतात बिचारे, आणि हळूहळू सवय लावली तर चक्क समुद्राच्या पाण्यातही राहतात, हे तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगायचं.

आणि पेशन्स म्हणाल तर ऐका. तो टँक चार फुटी, अडीचशे लिटरचा, वेटिंग रूमच्या कोपऱ्यात पडलेला, झाकणावर मिठाचे पांढरे पापुद्रे, पाणी चार-पाच बोटं आटलेलं. पाणी उडून जातं पण मीठ तिथेच राहतं, त्यामुळे खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर १.०३२ दाखवत होता, आणि त्यात दोन क्लाउनफिश जिवंत! एकदम गोडं पाणी ओतलं असतं तर तिथेच खेळ खलास. दोघांना त्याच पाण्यासकट टबात ठेवलं आणि रोज रात्री अकरानंतर थोडंथोडं आरओचं पाणी घालत दिवसाला एक पॉइंट (०.००१) असं समुद्राच्या पाण्याइतक्या १.०२५ वर आणलं, आठवडा गेला त्यात. तळाची वाळू उपसली तेव्हा खालचा थर काळाकुट्ट आणि वास असा सडक्या अंड्यांचा की खालच्या काकू गॅस लीक झाला म्हणून धावत वर आल्या. ती वाळू सगळी फेकली. नवीन वाळू घालून टँकच्या पाण्यातला विषारी अमोनिया शून्यावर येईपर्यंत मासे टबातच होते. हा पेशन्स नाही तर काय आहे? तुम्ही मात्र लेख पूर्ण वाचायलाही थांबला नाहीत असं दिसतंय.

‘कोरल नाही तर कसला टँक’ यावर एवढंच, की कोरल म्हणजे पोवळी, आणि ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुमच्याकडे असतील तर नाव लपवलंत ते बरंच केलंत.

राहिलं ते कॉपर. तुमचं म्हणणं, दवाखान्यातल्यांनी कधीतरी माशांना कॉपरचं औषध दिलं असेल, ते दगडांत मुरलं असेल, म्हणून माझे दोन श्रिंप (कोळंब्या हो) तीन दिवसांत मेले असतील. ‘असेल-असेल’ला मी काय उत्तर देणार? श्रिंप प्रवासाच्या ताणानेही मरतात. आणि पाण्यात काही असतं तर मासे जगले असते का? ते तर मजेत आहेत.

असो. उद्या रविवार, पाणी बदलायचंय, मीठ घातलेलं पाणी सकाळपासून ड्रममध्ये फिरतंय. आणि हो, ठाणे-डोंबिवलीकडे कॉपरची टेस्ट किट कुठे मिळते माहीत असेल तर तेवढं कळवा. नाव न टाकता कळवलंत तरी चालेल.