पाच पानांच्या साइटला पाच जीबी कशी संपली: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची साइट आणि मेल आमच्या सर्व्हरवर असतात, त्यासाठी घेतलेल्या पाच जीबी जागेबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. रविवारी रात्री मेल बंद पडली, लॉगिन होईना, त्याबद्दल आधी माफी मागतो. ऐन वेळी काम अडलं की काय होतं ते आम्हालाही कळतं.

पण तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. "पाच पानांची साइट, तिला पाच जीबी लागतीलच कशा? हा फसवण्याचा धंदा आहे." "न सांगता साइट बंद केली." आणि "मोठा प्लॅन गळ्यात मारायला बघतात." फसवणूक हा शब्द लागला, म्हणून उत्तर जरा लांबलंय. एरवी कुणाच्या खात्याचा हिशेब चारचौघांत मांडत नाही, पण आकडा तुम्हीच इथे लिहिलात.

पाच जीबी म्हणजे ५,१२० एमबी. त्यात तुमची साइट फोटोंसकट ३१० एमबी आणि डेटाबेस (साइटवरचा मजकूर आणि नोंदी) ४० एमबी. म्हणजे तुम्ही म्हणता ते खरंच आहे, साइट लहान आहे. (तीही फोटोंमुळे एवढी झाली. फोनमधून काढलेला फोटो तसाच चढवला की वर्डप्रेस, म्हणजे तुमची साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर, मूळ फोटो ठेवतंच, शिवाय त्याच्या लहान-मोठ्या पाच-सहा प्रती बनवतं.) मेल २,१०० एमबी. त्यातले ९०० एमबी नुसते ट्रॅश आणि स्पॅममध्ये पडून आहेत. तुमचं एकच माहितीपत्रक आठ जणांच्या मेलबॉक्समध्ये आठ वेळा आहे, आणि पाठवणाऱ्याच्या सेंटमध्ये नववं. अटॅचमेंट मेलमधून जाताना मूळ फाइलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगते, हे बहुतेकांना माहीत नसतं. एरर लॉग, म्हणजे साइटच्या बिघाडांची नोंदवही, १५० एमबी.

उरले २,५२० एमबी. ते बॅकअपचे आहेत.

दोन महिन्यांपूर्वी तुमच्या डिझायनरने एक बॅकअप प्लगिन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) बसवलं. ते दर रविवारी रात्री अख्ख्या साइटची झिप, म्हणजे दाबून बांधलेली एक फाइल, करून त्याच खात्यात ठेवतं आणि जुनी काढत नाही. एकेक झिप २९० एमबीची, कारण जेपीजी फोटो आधीच दाबलेले असतात, झिप करून ते फारसे लहान होत नाहीत. अशा आठ पूर्ण झिप आहेत आणि नववी अर्धवट. त्या रविवारी ही नववी लिहिली जात असतानाच जागा संपली. आम्ही साइट बंद केली नाही हो. जागा संपली की सर्व्हरला नवीन काही लिहिता येत नाही, म्हणून येणारी मेल परत जाते आणि लॉगिनसुद्धा अडकतं.

आता "न सांगता". हे मात्र मनाला लागलं. ८० टक्के जागा भरली तेव्हा पहिली सूचना गेली, जागा संपायच्या तीन आठवडे आधी. ९० टक्क्यांची दुसरी दहा दिवस आधी. दोन्ही पोचल्या आहेत, तारीख-वेळेसकट नोंद आहे. पण तुम्ही खातं उघडताना जो ईमेल दिलात, तो याच खात्यातला, ज्या मेलबॉक्समध्ये हजारावर मेल न उघडता पडल्यात. शेवटची, जागा पूर्ण संपल्याची सूचना तर तिथे पोचलीच नाही, कारण मेलबॉक्सच भरलेला! यात चूक आमचीही आहे. खातं उघडतानाच दुसऱ्या ठिकाणचा ईमेल मागायला हवा होता. आता मागू, आणि फोनवर मेसेज पाठवायचंही बघतोय.

मोठ्या प्लॅनचं म्हणाल, तर चॅटवरच्या आमच्या मुलाने आधी साफसफाई सुचवायला हवी होती. तो नवीन आहे, त्याला समजावलंय. मोठा प्लॅन तुम्हाला लागत नाही, हे मी इथे लिहून देतो.

"दुसरीकडे अनलिमिटेड मिळतं," असंही तुम्ही म्हणालात. जरूर बघा, फक्त अटी शेवटपर्यंत वाचा. बहुतेक ठिकाणी फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते, आणि मेलबॉक्समधली प्रत्येक मेल ही एक फाइल धरली जाते.

आणि एक, लिहू की नको असं झालं होतं. रविवारी रात्री साडेअकराला तुमचा फोन आला. "लुटारू" ऐकून घेतलं आणि पंचवीस मिनिटांत १ जीबी वाढवून दिली, बिल न लावता. मेल तेव्हाच सुरू झाली. रिव्ह्यू त्यानंतर आलाय, त्यात याचा उल्लेख नाही. असो. आम्ही दोघं-तिघं मिळून हे चालवतो, नवीन गिऱ्हाईक पहिल्यांदा हे पानच उघडतं.

ती वाढीव जागा महिनाअखेरपर्यंत आहे. जुन्या झिप अजून तिथेच आहेत, तुमच्या परवानगीशिवाय आम्ही त्यांना हात लावत नाही. शेवटच्या दोन तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि "बाकीच्या काढा" एवढं कळवा, लगेच काढतो.