पुडी अख्ख्या लिटरची आहे हो!

नाशिकला पंचवटीत माझं मेडिकल आहे. पावसाळ्यात गंगा, म्हणजे आमची गोदावरी, गढूळ झाली की काउंटरवर जुलाबाची गिऱ्हाईकं वाढतात. प्रश्न ठरलेला, "दादा, सलाईन कुठे लावतील?" मी ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून प्यायच्या मीठ-ग्लुकोजची, पुडी पुढे केली की चेहरा पडतो. सुई टोचली नाही तर औषध कसलं!

1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि पाजायचं काम नातेवाइकांवरच सोपवलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्याही खाली आलं. आपल्याकडे पटकी, म्हणजे हाच कॉलरा, आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडत, ते आठवतं.

गंमत प्रमाणात आहे. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी नुसतं वाहत असतं, तरी ग्लुकोजच्या जोडीनं मीठ आत घेण्याची वाट चालूच राहते. मिठामागून पाणी जातं. नुसतं पाणी पिऊन हे होत नाही, आणि घट्ट सरबत तर उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं.

हे मला पाठ. तरी मागच्या पावसाळ्यात आमच्याच घरात वहिनीनं अख्खी पुडी एका पेल्यात कालवली. "कडक केलं की लवकर गुण येईल, भाऊजी." पुतण्याचे जुलाब वाढले. वहिनीला काय बोलणार? पुडी मीच नेऊन दिली होती, तोंडातून शब्द न काढता. तेव्हापासून प्रत्येक पुडीवर मार्करनं "1 लिटर" लिहितो.

फळांच्या चवीचे गोड डबे ओआरएस म्हणून विकायला 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, मनाई केली. बरं झालं. तरी "ते ऑरेंजवालं द्या" म्हणणारे येतातच.

सलाईनशी माझं वैर नाही. माणूस गुंगीत असेल, काहीच पोटात ठरत नसेल, लघवी बंद झाली असेल, तर माझ्याकडे येऊच नका, थेट दवाखाना गाठा. वाटेत जमेल तेवढं घोट घोट पाजत राहा. लहान मुलाला चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा.

पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्या. फ्रीजमधलं असलं तरी.