पोरं बोटीवर येत नाहीत? हे करून पाहा

जहाज कंपन्यांच्या साहेबांनो, हुशार पोरं मर्चंट नेव्हीत येईनाशी झालीत, ही तुमची तक्रार रास्त आहे. आधी ५ एप्रिलचा, म्हणजे राष्ट्रीय सागरी दिनाचा, कार्यक्रम दणक्यात करा. १९१९ साली याच दिवशी ‘एस. एस. लॉयल्टी’ ही भारतीय कंपनीची बोट मुंबईहून लंडनला निघाली, हे भाषणात आलंच पाहिजे. कोटाला छोटा झेंडा टोचा, शाली वाटा. खलाशांना बोलवायच्या भानगडीत पडू नका, ते बोटीवर असतात.

जाहिरातीत पगार डॉलरमध्ये छापा आणि पांढरा गणवेश दाखवा. तेलानं माखलेला फोर्थ इंजिनिअर फोटोत बरा दिसत नाही. काँट्रॅक्ट सहा महिन्यांचं सांगा. ‘रिलीव्हर (जागा घेणारा बदली माणूस) मिळाला नाही’ हे सातव्या महिन्यातही सांगता येतं. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, जगभरात साधारण ४ लाख माणसं काँट्रॅक्ट संपूनही बोटींवर अडकली. त्यांना ‘अत्यावश्यक कामगार’ म्हणायचं आणि बंदरात उतरू द्यायचं नाही, ही युक्ती बिनखर्चाची.

विश्रांतीच्या वहीला मात्र जपा. नियमानं २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हवी. ती वहीत मिळते. बोट धक्क्याला लागलीय, माल उतरतोय, सर्व्हेअर शिडी चढतोय, रात्री बाराची वॉच (पहाऱ्याची पाळी) डोक्यावर आहे; वहीत सेकंड ऑफिसर गाढ झोपलेला असतो. इतकी झोप त्याला घरीसुद्धा लागत नाही! महिन्याचं पान आधीच भरून ठेवलेलं बरं, ऐन वेळी खाडाखोड होत नाही. तपासणीला येणारा साहेब वही बघतो, डोळे नाही.

एवढं करूनही पोरं कमी पडली, तर दापोली-श्रीवर्धनकडे वळा. आजोबा खलाशी, बाप सारंग (खलाशांचा मुकादम), अशी घरं तिथं आहेत. नातू लाखो रुपये भरून कोर्स करील, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) काढील. मग त्याला विचारा, ‘सी-टाइम, म्हणजे बोटीवरच्या कामाचा अनुभव, किती?’ सी-टाइम बोटीवरच मिळतो, आणि सी-टाइमशिवाय बोट मिळत नाही. चपला झिजल्या की बेलापुरात त्याला एजंट भेटेलच. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा पैसे रोख घ्यावेत. पावती मागितलीच, तर पोरगं समुद्रासाठी अजून कच्चं आहे असं समजावं.